हिऱ्यांच्या शोधात पैसे घालायचे तर हिशेब कसा मांडायचा?

पूर्वभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आम्ही यंत्रमाग मोडीत काढले आणि शेड गोडाउनसाठी भाड्याने दिलं. थोडी रक्कम हातात आली. ती बँकेत पडून आहे ही बातमी फुटल्यापासून घरी चहाला येणारी माणसं वाढलीत. त्यात आमचे मेव्हणे एक कागद घेऊन आले. आफ्रिकेत हिरे शोधणारी एक छोटी कंपनी, तिच्या ब्लॉकमध्ये हिस्सा घ्यायचा, सुरुवात पाच लाखांपासून. कागदावर तीन गोष्टी ठळक छापल्यात: किंबर्लाइट (म्हणे हिरे ज्यात सापडतात तो खडक) सापडलाय, नमुन्यात हिरे निघालेत, शेजारीच चालू खाण आहे. खाली लिहिलंय, दहापट परतावा.

हे खरं की खोटं यावर काथ्याकूट नको, ते तपासायच्या जागा वेगळ्या आहेत. मला कळून घ्यायचंय ते असं, की एखाद्या सरळ माणसाने सरळपणे हिरे शोधायचे ठरवले तर खर्च किती, हाती लागायची शक्यता किती, आणि हा सौदा तोलायचा कसा? टॉवेलचं विचारा, सुताचा भाव, मजुरी, वीज, घट धरून नगामागे काय सुटतं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. इथे नग कशाला धरायचा तेच कळेना.

---

हुरडापार्टी

पाच लाखांत सांगोल्याला डाळिंब लावा की राव. तेल्या आला तरी निदान झाड तर दिसतंय डोळ्याला.

---

खडकफोड्या

हुरडा, थांब जरा, प्रश्न चांगला आहे. मी मूळचा जुळे सोलापूरचा, पोटापाण्यासाठी खडक बघत फिरतो. थोडं सविस्तर लिहितो.

पूर्वभागकर, तुमचा नग म्हणजे टन. खाणीतून उचललेला एक टन दगड. हिरा विकला जातो कॅरटवर, पण खर्च होतो टनावर. स्फोट, उचल, फोडणं, धुणं, वेगळं करणं, वीज, पाणी, पगार, सगळं टनामागे पडतं. म्हणून दोन आकडे लागतात: शंभर टनांत किती कॅरट, आणि त्या कॅरटचा सरासरी भाव काय. एक आकडा सांगून दुसरा गिळणारा माणूस तुम्हाला अर्धाच हिशेब दाखवतोय.

दोन टोकं सांगतो. लेसोथोमधल्या लेत्सेंग खाणीत शंभर टन दगडात जेमतेम दोन कॅरटच्या आसपास हिरा मिळतो. गचाळ वाटतं ना? पण तिथला खडा मोठा आणि उच्च प्रतीचा, सरासरी भाव बरीच वर्षं कॅरटला हजार डॉलरच्या वर राहिलाय. २०१८ साली तिथे ९१० कॅरटचा एकच हिरा निघाला आणि ४ कोटी डॉलरला गेला. उलट ऑस्ट्रेलियातलं अर्गाइल. तिथे टनाला कित्येक कॅरट निघायचे, पण बहुतेक तपकिरी, बारीक, स्वस्त माल. गुलाबी हिऱ्यांनी नाव कमावलं, तरी ते उत्पादनाचा अगदी किरकोळ भाग होते. १९८३ पासून चाललेली ती खाण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. त्यामुळे ‘आमच्या नमुन्यात भरपूर हिरे आहेत’ या वाक्यावरून काहीच ठरत नाही.

आता आपल्या भाषेत एक उदाहरण. आकडे मनाचे आहेत, गणित खरं आहे. समजा शंभर टनांत १० कॅरट. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या मझगवाँ खाणीत प्रमाण साधारण एवढंच आहे. ५ कॅरट म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे शंभर टन दगड फोडून २ ग्रॅम माल. सरासरी भाव कॅरटला १५ हजार धरू. शंभर टनांमागे दीड लाख, टनामागे १५०० रुपये. भारतात हिऱ्यावर रॉयल्टी ११.५ टक्के, ती १७२ रुपये ५० पैसे. टन काढून धुण्याचा खर्च १२०० धरला तर हातात उरले १२७ रुपये ५० पैसे.

आता भाव फक्त २० टक्क्यांनी पाडा. टनामागे १२००, रॉयल्टी १३८, खर्च तोच १२००. टनामागे १३८ रुपये खिशातून गेले. दगड तोच, हिरे तेवढेच, प्लांट तोच. आणि यात अजून खाण उभारायचा खर्च धरलेलाच नाही, शोधायचा तर लांबच राहिला.

---

सराफकट्टा

२० टक्के कशाला मनाने पाडताय, बाजाराने पाडून दाखवलेत. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीला कच्च्या हिऱ्याचा २०२२ मध्ये सरासरी १९७ डॉलर कॅरट भाव मिळाला, २०२३ मध्ये १४७. एका वर्षात चौथा हिस्सा गेला. २०२४ मध्ये तिच्या मालक अँग्लो अमेरिकन कंपनीने डी बिअर्स विकायलाच काढायचं जाहीर केलं. घरचे दागिने मोडायला निघाल्यासारखंच की.

आमच्या पेढीवर बसून बघा. पोरगी अंगठी बघते, आई किंमत बघते, आणि पोरगी म्हणते, काका, लॅबवाला (प्रयोगशाळेत वाढवलेला) दाखवा. खडा तोच, चमक तीच, किंमत बघून आईचा चेहरा खुलतो. डी बिअर्सने स्वतः २०१८ मध्ये लाइटबॉक्स हा लॅब-हिऱ्यांचा ब्रँड काढून कॅरटला सरळ ८०० डॉलर लावले होते. तेव्हा तो भाव पाडल्यासारखा वाटला. नंतर बाजार त्याच्याही खाली उतरला आणि २०२५ मध्ये तो ब्रँड गुंडाळायचं जाहीर झालं. सुरतेत रिअॅक्टर लावून हिरे वाढवतायत, आपल्या सरकारने २०२३ च्या बजेटमध्ये त्याच्या बियांवरचं (ज्या तुकड्यावर हिरा वाढवतात त्यावरचं) आयात शुल्क काढून टाकलं. आज शोधायला सुरुवात केलेला हिरा जेव्हा बाजारात येईल तेव्हा त्याला गिऱ्हाईक कोण, हे मेव्हण्यांच्या कागदावर आहे का?

मोठ्या खड्याचं अजून वेगळं आहे, हे मान्य. दोन-तीन कॅरटच्या वरचा चांगला नैसर्गिक खडा मागणारी माणसं आहेत. पण बारीक मालाची हवा गेली.

---

पूर्वभागकर

टनाचं डोक्यात बसलं, धन्यवाद. पण साहेब, हा झाला खाण चालू झाल्यावरचा हिशेब. शोधायचा खर्च कुठे धरायचा?

---

खडकफोड्या

तेच सांगतो. आधी शक्यता.

जगात आजवर सात हजारांच्या आसपास किंबर्लाइट सापडलेत. त्यातले हजारभर असे की ज्यात हिरा आहे. आणि ज्यातून खाण चालवून पैसे सुटले किंवा सुटतील असे जेमतेम साठ. ‘किंबर्लाइट सापडलाय’ एवढ्यावर तुमची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. ‘शेजारी खाण आहे’ याचंही तसंच. कॅनडातल्या एकाती खाणीच्या हद्दीत दीडशेच्या वर किंबर्लाइट आहेत. खोदण्याजोगे निघाले ते हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. एकाच आवारात एक पाइप (जमिनीत खोल उभा गेलेला किंबर्लाइटचा खांब) सोन्याची कोंबडी आणि दुसऱ्यात फुटकी कवडी नाही, हे नेहमीचं आहे.

शोध चालतो पायऱ्यांनी. पहिल्यांदा ओढ्या-नाल्यातली वाळू चाळायची. त्यात हिरा शोधत नाहीत, त्याचे सोबती शोधतात: जांभळट-लाल पायरोप गार्नेट, हिरवागार क्रोम डायोप्साइड, काळा इल्मेनाइट. हे दाणे खोल पृथ्वीच्या पोटातून किंबर्लाइटबरोबर वर आलेले असतात आणि पाण्याबरोबर लांब पसरतात. उलट्या दिशेने माग काढत गेलं की उगम. गार्नेटची रासायनिक तपासणी केली की ते हिऱ्याच्या पट्ट्यातून, म्हणजे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोलीवरून आलंय का ते कळतं. मग विमानाने किंवा पायी चुंबकीय सर्वेक्षण. मग ड्रिलिंग. मग ड्रिलमधून निघालेल्या दगडी गाभ्याचे काही शे किलो रसायनात विरघळवून सूक्ष्म हिरे मोजायचे. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महाग, बल्क सॅम्पल: शेकडो, कधी हजारो टन दगड काढून, छोटा प्लांट लावून, निदान काही हजार कॅरट हिरे जमवायचे. एवढे जमल्याशिवाय सरासरी भाव सांगताच येत नाही. सोन्याच्या खाणीत असं नसतं, तिथे ग्रॅम कळला की बाजारभाव ठरलेला. हिऱ्यात प्रत्येक पाइपचा माल वेगळा.

चक फिपकी आणि स्टुअर्ट ब्लूसन या दोघांनी कॅनडाच्या उत्तरेत असे दाणे उचलत जवळजवळ दहा वर्षं काढली. १९९१ मध्ये एका तळ्याजवळ ड्रिल मारलं आणि हिरेवाला किंबर्लाइट लागला. बीएचपी या बड्या खाण कंपनीच्या पैशावर १९९८ मध्ये एकाती खाण सुरू झाली. ही यशाची गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतर तिकडे शेकडो कंपन्या धावल्या, आणि त्या सगळ्या धावपळीतून त्या वायव्य प्रदेशात खाणी झाल्या एकूण चार. त्यातली स्नॅप लेक २००८ मध्ये सुरू होऊन २०१५ च्या डिसेंबरात थांबली. बाकीच्या शेकडो कंपन्यांत पैसे घातलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.

---

मंगळवेढ्याचा_ज्वारीवाला

म्हणजे बोअर मारल्यासारखंच की हो. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, जागा दाखवतो, तमिळनाडूची गाडी येते, फुटाचा रेट ठरतो. पाचशे फुटांवर धुरळाच उडत असला की घरात दोन तट. एक म्हणतो थांबवा, दुसरा म्हणतो एवढं गेलंच आहे तर अजून शंभर फूट मारा. आमच्याकडं त्या शंभर फुटांनीच लोकांची वाट लागलीय.

---

खडकफोड्या

ज्वारीवाले, पटलं. फरक एवढाच की बोअरचं उत्तर त्याच रात्री मिळतं. इथे उत्तर मिळायला दशक जातं आणि तोवर ‘अजून शंभर फूट’ म्हणणारा माणूस पगारावर असतो.

---

सनदी_आकडे

ज्वारीवाल्यांनी मुद्द्याला हात घातलाय, मी त्याला आकड्यात बसवते. सीए आहे, खडकातलं काही कळत नाही, त्यामुळे टप्प्यांचे खर्च आणि शक्यता मी काल्पनिक धरतेय.

टप्पा एक, वाळू आणि चुंबकीय सर्वेक्षण: खर्च २० लाख, पुढे जाण्यालायक निघण्याची शक्यता पाचात एक. टप्पा दोन, ड्रिलिंग: १ कोटी, पुन्हा पाचात एक. टप्पा तीन, बल्क सॅम्पल: १० कोटी, तिनात एक. सगळ्यातून पार पडलं तर तो पाइप ३०० कोटींचा.

शेवटपर्यंत पोचण्याची शक्यता पंचाहत्तरात एक. ३०० कोटींना ७५ ने भागा, ४ कोटी. ही झाली अपेक्षित कमाई. आता खर्च. सगळे टप्पे डोळे झाकून केले तर ११ कोटी २० लाख. म्हणजे ७ कोटी २० लाखांचा खड्डा. पण प्रत्येक टप्प्यावर निकाल बघून थांबलात, तर दुसरा टप्पा पाचात एकदाच करावा लागतो आणि तिसरा पंचवीसात एकदा. अपेक्षित खर्च होतो २० लाख, अधिक २० लाख, अधिक ४० लाख. एकूण ८० लाख. तेच ठिकाण, तीच शक्यता, तोच पाइप, आणि ३ कोटी २० लाख फायदा. हा सगळा फायदा थांबण्यातून आला, शोधण्यातून नाही.

आता यावर पाणी ओतते. ते ३०० कोटी आज मिळत नाहीत. पंधरा वर्षांनी मिळाले आणि १२ टक्के दर धरला (पूर्वभागकर, मागांच्या कर्जाला साधारण एवढंच भरलं असेल ना?) तर आजची किंमत होते साधारण ५५ कोटी. त्याला ७५ ने भागा, ७३ लाख. खर्च ८० लाख. गेला फायदा. खर्चही थोडा पुढे ढकलला जातो, त्यामुळे बरोबरीच्या आसपास धरा. मी धरलेले आकडे कंजूस आहेत म्हणाल तर बदलून बघा, कागद-पेन्सिल तुमचीच.

पंधरा वर्षं म्हणजे मी अति केलं असंही वाटू देऊ नका. कॅनडातलं गाचो कुए १९९५ मध्ये सापडलं, खाण सुरू झाली २०१६ मध्ये. वीस वर्षांत १२ टक्क्यांनी पैसे साडेनऊ पटीहून जास्त होतात. म्हणजे तुमच्या कागदावरचं ‘दहापट’ वीस वर्षांनी अगदी शंभर टक्के खात्रीने मिळालं, तरी ते नुसत्या १२ टक्के चक्रवाढ व्याजाएवढंच. दहापट कधी, हे लिहिलंय का?

---

पूर्वभागकर

कधी ते लिहिलेलं नाही. मेव्हणे तोंडी तीन वर्षं म्हणाले. मागांच्या कर्जाचा दर विचारू नका ताई, जखमेवर मीठ.

---

गुंतकल_लाइन

तुम्ही सगळे आफ्रिका-कॅनडात हिंडताय. आपल्या सोलापूर स्टेशनवरून चेन्नईच्या गाडीत बसा, वाडी, रायचूर करत गुंतकलला उतरा. पहिल्या पावसानंतर कर्नूल-अनंतपूरकडे काय चालतं ते बघा.

आमचं घर दाजी पेठेत, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. मावशी गुत्तीजवळ दिलेली. जोन्नगिरी, तुग्गली, वज्रकरूर ही नावं लहानपणापासून ऐकतोय. पाऊस पडला की वरची माती धुऊन जाते, खडे उघडे पडतात आणि माणसं शेतात उतरतात. तेलंगणातून, कर्नाटकातून येतात, झाडाखाली स्वयंपाक, देवळात झोप. चालायची पद्धत ठरलेली. ऊन तिरकं असताना, सकाळी लवकर नाहीतर चार वाजल्यानंतर, मान खाली घालून एकेक पाऊल. दुपारच्या उन्हात काचेचा तुकडाही चमकतो, म्हणून दुपारी बसून घेतात. मावशीची जाऊ खडा उचलला की पदराने पुसून ओठाला लावते. गार लागला तर पदराच्या टोकाला गाठ, नाहीतर फेकून. गाठीत संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा खडे जमतात, आणि सावकाराच्या माणसाने ते तळहातावर पसरून नुसतं बोटाने बाजूला सारायचे. एकही शब्द न बोलता.

कुणाला तरी दरवर्षी मोठा खडा सापडतो, पेपरात येतं. भाव बंद खोलीत ठरतो. विकणाऱ्याला खरी किंमत माहीत नसते आणि घेणाऱ्याला घाई नसते. मावशीच्या घरात आजवर काय आलं विचाराल तर एकदा एक म्हैस आली. पण त्यांचा खर्च काय, बुडालेली मजुरी. तेवढी सोसायची तयारी असते म्हणून दरवर्षी जातात.

---

खडकफोड्या

गुंतकल_लाइन, सुंदर लिहिलंत. भूविज्ञानाच्या बाजूने एक जोडतो. तिथल्या किंबर्लाइटचं वय ११० कोटी वर्षांच्या आसपास. एवढ्या काळात वरचा भाग झिजून पाण्याने हिरे इकडेतिकडे पसरवले. म्हणजे दगड फोडायचा आणि धुवायचा टनामागचा खर्च नदी-ओढ्यांनी आधीच करून ठेवलाय. म्हणून मावशीच्या जावेला ते परवडतं. तोच हिरा मूळ पाइपमधून काढायचा तर कंपनीला परवडेलच असं नाही.

पन्नाला सरकारी व्यवस्था आहे. आठ बाय आठ मीटरचा तुकडा वर्षाला दोनशे रुपयांच्या आसपास फी भरून मिळतो. हिरेवाला खडीचा थर, तिकडे त्याला चाल म्हणतात, तो खणून काढायचा, खड्ड्यात पाणी भरून धुवायचा, वाळवायचा, हाताने निवडायचा. सापडलेला हिरा हिरा कार्यालयात जमा, लिलाव, रॉयल्टी आणि कर कापून बाकी पैसे सापडणाऱ्याला. २०२४ च्या जुलैमध्ये एका मजुराला १९.२२ कॅरटचा मिळाला, अंदाजे किंमत ८० लाख. फी दोनशे रुपये आहे म्हणून खर्च दोनशे असं समजू नका, खरा खर्च घरादाराने महिनोन् महिने केलेलं खणकाम. पण भाव उघड लिलावात ठरतो, हा कर्नूलपेक्षा मोठा फरक.

---

हुरडापार्टी

दोनशे रुपयांत? मग मेव्हण्यांना फावडं घेऊन द्या की पूर्वभागकर. आणि एक सांगा, हिरे विजापूरच्या पलीकडे निघतात, चंद्रपूर-गडचिरोलीकडे वैरागडला निघायचे म्हणे, मग मधल्या सोलापूरनं काय घोडं मारलंय बे?

---

खडकफोड्या

घोडं लाव्हाने मारलंय. वैरागडची हिऱ्याची खाण ‘आइन-इ-अकबरी’त नोंदलेली आहे, विजापूरच्या आदिलशाहीकडे कृष्णेच्या दक्षिणेला हिऱ्याच्या खाणी होत्या. दोन्ही ठिकाणी जुना खडक उघडा आहे. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिरे येतात त्या जातीचा प्राचीन खडक त्याच्या खाली आहे, हे अंदाजाने बोलत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी ६१७ मीटरचं बोअर घेतलं. ३३८ मीटर बेसाल्ट, मग आठ मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक लागला.

मग त्यात किंबर्लाइट असेल का? असेलही. पण शोधणार कसा? ओढ्यात त्याचे दाणे येणार नाहीत, कारण वर झाकण आहे. चुंबकीय सर्वेक्षणात बेसाल्ट स्वतःच एवढा गोंधळ घालतो की खालचा शे-दोनशे मीटरचा पाइप ओळखू येणं महाकठीण. आणि सापडला तरी आधी तीनशे मीटर निरुपयोगी दगड उचलायचा. टनाच्या हिशेबात ते कधीच बसणार नाही. जमिनीत हिरा असणं आणि खाण असणं यात हे अंतर आहे.

---

मंगळवेढ्याचा_ज्वारीवाला

आमच्या काळ्या रानात ज्वारी येती ती काय कमी हाय का.

---

कट्टा_कॉर्नर

सगळे नुसते घाबरवताय. धोका न घेता कोण मोठं झालं? बोट्स्वानातल्या कारोवे खाणीचं उदाहरण घ्या. तो पाइप १९६९ मध्ये सापडलेला. २००९ मध्ये डी बिअर्सने आपला हिस्सा ४.९ कोटी डॉलरला लुकारा नावाच्या छोट्या कंपनीला विकला. २०१२ मध्ये खाण सुरू, २०१५ मध्ये १,१०९ कॅरटचा हिरा, तो एकटा ५.३ कोटी डॉलरला गेला. एका दगडात खरेदी वसूल. जगातल्या सगळ्यात मोठ्या हिरे कंपनीने हात झटकले तिथे छोट्याने बाजी मारली. म्हणजे तज्ज्ञांनाही कळत नाही.

---

खडकफोड्या

कट्टा, उदाहरण खरं आहे आणि मला आवडतं. पण लुकाराने घेतलं तेव्हा चाळीस वर्षांचं शोधकाम दुसऱ्याच्या पैशाने झालेलं होतं. पाइपचा आकार माहीत, ड्रिलिंग झालेलं, नमुने धुतलेले. त्यांनी उशिराच्या पायरीवर, पडेल भावात प्रवेश केला. नंतर मोठे हिरे फुटण्याआधी क्ष-किरणांनी ओळखून बाजूला काढायची यंत्रं बसवली. पूर्वभागकरांना जे देऊ केलंय ते याच्या नेमकं उलट आहे: सुरुवातीची पायरी आणि शेवटच्या पायरीचा भाव.

आणि मोठ्यांनाही उशिराच्या पायरीवर मार बसतो. आपल्याच छत्तरपूर जिल्ह्यातला बंदर प्रकल्प बघा. रिओ टिंटो या परदेशी खाण कंपनीने २००४ मध्ये शोधला, सुमारे ९ कोटी डॉलर घातले, २०१७ मध्ये सगळं मध्य प्रदेश सरकारच्या हवाली करून निघून गेले. हिरे नव्हते म्हणून नाही. नंतर ३.४२ कोटी कॅरटचा साठा म्हणून त्याचा लिलाव झाला, २०१९ मध्ये बिर्ला समूहाच्या कंपनीने घेतला. मग जंगलातल्या दोन लाखांवर झाडांचा प्रश्न आला आणि प्रकरण कोर्टात गेलं. गार्नेट, ड्रिल, बल्क सॅम्पल, सगळं पास, आणि गाडी अडली परवानगीवर. हा धोका भूविज्ञानाच्या कुठल्याच तक्त्यात नसतो. माझं वैयक्तिक मत, त्या झाडांसाठी गाडी अडली ते बरंच झालं, पण तो दुसऱ्या धाग्याचा विषय.

---

सनदी_आकडे

पूर्वभागकर, अजून एक गोष्ट, जी मेव्हण्यांनी सांगितली नसणार. छोट्या शोध कंपनीकडे विकायला माल नसतो, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला नवे शेअर विकून पैसे उभे करतात. आज तुम्हाला १ टक्का मिळाला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत दर वेळी एकूण शेअर दुप्पट झाले, तर तुमचा उरतो टक्क्याचा आठवा भाग. हिरा सापडला तरी. यात फसवणूक काही नाही, धंद्याची रीतच तशी आहे.

मेव्हण्यांना तीनच गोष्टी विचारा. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात नोंदलेली कंपनी असेल तर एनआय ४३-१०१ किंवा जॉर्क नियमांचा तांत्रिक अहवाल असतो, तो मागा. त्यात साठा कुठल्या वर्गात धरलाय ते खडकफोड्या वाचून सांगतील. पैसे कुणाच्या खात्यात भरायचे ते विचारा. परदेशी कंपनीत गुंतवणूक बँकेमार्फत, ठरलेल्या फॉर्मवर जाते. इथल्या कुणाच्या बचत खात्यात भरा म्हणाले तर पुढे वाचूच नका. आणि तिसरं, पुढच्या टप्प्यात काय निकाल आला तर हा ब्लॉक सोडणार, हे लेखी मागा. प्रामाणिक शोधकर्त्याकडे हे उत्तर तयार असतं.

---

सराफकट्टा

आणि नमुन्याचा हिरा कुणी तळहातावर ठेवला म्हणून हुरळून जाऊ नका. १८७२ मध्ये अमेरिकेत दोघा जणांनी विकतचे हिरे जमिनीत पेरून खाण सापडल्याचा बनाव केला होता. टिफनीच्या पेढीने ते हिरे खऱ्या किमतीच्या कैक पट किमतीचे ठरवले. शेवटी क्लॅरेन्स किंग नावाच्या भूवैज्ञानिकाने जागेवर जाऊन भांडं फोडलं. कच्चा हिरा आमच्यासारख्यालाही नीट जोखता येत नाही, पैलू पाडणाराच सांगू शकतो.

---

पूर्वभागकर

मंडळी, अहवाल आला. एनआय वगैरे काही नाही, बारा पानांचं पीडीएफ आहे. त्यात लिहिलंय: ड्रिलच्या गाभ्यातून २०० किलो दगड तपासला, ९ सूक्ष्म हिरे मिळाले, सगळे अर्ध्या मिलिमीटरहून लहान. शेजारच्या खाणीबद्दल चार पानं आणि फोटो. बल्क सॅम्पलचा उल्लेख ‘भविष्यात’ एवढाच. खात्याचं विचारलं तर म्हणाले, ते शेवटी सांगू.

---

खडकफोड्या

पीडीएफमध्ये खोटं काही आहे असं म्हणता येत नाही, गंमत तीच आहे. किंबर्लाइट आहे, हिरे आहेत, शेजारी खाण आहे. पण २०० किलोत ९ दाणे आणि अर्ध्या मिलिमीटरवर एकही नाही, यावरून विकण्याजोग्या आकाराचा हिरा किती मिळेल ते ठरत नाही, आणि खुणा तरी काही उत्साह वाढवणाऱ्या नाहीत. मी त्या कंपनीत असतो तर अजून थोडा गाभा तपासायला मागितला असता, आणि मोठे दाणे दिसले नाहीत तर ब्लॉक सोडा म्हणून लिहून दिलं असतं. मागच्या फेरीत शेअर काय भावाने विकला ते विचारता येतं का बघा.

---

पूर्वभागकर

विचारलं. मेव्हणे म्हणाले, असलं विचारलं तर त्यांना राग येतो. मी नाही म्हणून कळवलंय. बहीण दोन दिवस फोनवर नीट बोलत नव्हती, आता बोलतेय. मेव्हण्यांनी स्वतः भरलेत की नाहीत ते मात्र अजून सांगत नाहीत.

---

सनदी_आकडे

भरले असतील तर पावती, मेसेज, कागद, सगळं जपून ठेवायला सांगा आणि खातं कुणाच्या नावावर होतं ते लिहून घ्या. रागावून विचारू नका, जेवायला बोलावून विचारा.

---

गुंतकल_लाइन

मी मृगाच्या पावसाला मावशीकडे जालालोय. पूर्वभागकर, येता का? खर्च तिकिटाचा आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा.

---

पूर्वभागकर

येतो. मेव्हण्यांनाही विचारतो.

---

खडकफोड्या

जा, पण पेरणी झालेल्या रानात शिरू नका, मालकाला विचारून उतरा. हल्ली तुडवातुडवीला वैतागून बरेच शेतकरी पाट्या लावतात. आणि काही लागलंच हाताला तर पहिला भाव सांगणाऱ्याला देऊन मोकळे होऊ नका.